लसीचे पैसे दिले की संपलं?

वर एकांनी लिहिलंय, "कुत्रं चावलं तर मालकानं इंजेक्शनचा खर्च द्यावा, विषय संपला." संपत नाही हो.

गेल्या पावसाळ्यात रंकाळ्यावर सकाळी फिरताना एका लॅब्रेडॉरनं आमच्या आईची पोटरी धरली. पट्टा होता, पण मालकाच्या खांद्यावर. "काही करत नाही ओ ते, खेळतंय," हे तो रक्त दिसल्यावरही म्हणत होता! सरकारी दवाखान्यात रेबीजची लस फुकट मिळाली, म्हणजे त्याच्या हिशेबानं खर्च शून्य. पण दात रुतून रक्त आलं की जखम तिसऱ्या, म्हणजे सगळ्यात गंभीर श्रेणीतली. नुसती लस पुरत नाही, जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (रेबीजविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) द्यावं लागतं. वर खेपा, रिक्षा, माझ्या रजा. आई अजून रंकाळ्याकडं फिरकत नाही, त्याचं बिल कुणाला लावायचं?

कायदा नाही असं नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम 291 आहे: जनावराबाबत हयगय केली तर 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जुन्या दंड संहितेच्या कलम 289 मध्ये दंड 1,000 होता. पण दंड झाला म्हणजे ज्याला चावलं त्याच्या हातात पैसे पडले असं नव्हे. भरपाईसाठी दिवाणी दावा. पोटरीच्या चार टाक्यांसाठी कोण वकील लावतंय?

म्हणून मला गाडीच्या थर्ड पार्टी विम्यासारखं काहीतरी सक्तीचं हवं, कुत्र्याच्या परवान्यालाच जोडलेलं. हौसेनं महागडं पिल्लू आणणाऱ्याला तो हप्ता जड जाऊ नये. गल्लीतल्या गावठी कुत्र्याला रोज भाकरी टाकणाऱ्या म्हातारीला मात्र यात ओढू नका.