नाव आपोआप निघत नाही
‘दहा वर्षं झाली की लैंगिक गुन्हेगारांच्या रजिस्टरमधून नाव आपोआप निघतं’ असं कुणी म्हणतं, ते कॅलिफोर्नियापुरतं तरी चूक आहे. ही नोंदणी तिथे १९४७ पासूनची, आणि आधी ती आजन्म होती. १ जानेवारी २०२१ पासून तीन स्तर आले: किमान १० वर्षं, किमान २० वर्षं आणि आजन्म. पण मुदत भरली तरी पुढच्या वाढदिवसापर्यंत थांबून कोर्टात अर्ज करावाच लागतो, आणि सरकारी वकील त्याला हरकत घेऊ शकतो. तोवर दरवर्षी वाढदिवसाच्या पाच कामकाजाच्या दिवसांत पोलिसांकडे हजेरी. (हा मुहूर्त कुणी काढला कोण जाणे!) घर बदललं तरी तेच पाच दिवस. बेघर माणसाला मात्र दर ३० दिवसांनी जावं लागतं.