आंधळ्यांचं गाव लिहिताय, मग गाव तरी नीट बांधा

सहा_ठिपके
'कोकणकडा' यांनी काल दीर्घकथेचा आराखडा टाकला: सगळं गाव जन्मांध, सगळ्यांचे कान उपजत तिखट, एकमेकांना चेहरे चाचपून ओळखतात, जागोजागी ठेचकाळतात आणि शेवटी शहरातला डोळस डॉक्टर येऊन त्यांना 'उजेड' देतो. वाचून डोकंच फिरलं.

मी जन्मांध आहे, हे स्क्रीनरीडरवर, म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, लिहितेय. कुणाचा चेहरा मी कधी चाचपलेला नाही. माणूस आवाजावरून कळतो, पाय घासत येण्यावरून कळतो. कानही उपजत तिखट नसतात, वापरून तयार होतात. आणि 'डोळ्यांपुढे काळाकुट्ट अंधार'? अंधार कळायला आधी उजेड पाहिलेला लागतो.

इंग्रज लेखक एच. जी. वेल्सनं १९०४ साली एका कथेत दक्षिण अमेरिकेच्या अँडीज पर्वतातलं आंधळ्यांचं खोरं लिहिलं. तिथे घरांना खिडक्या नाहीत, वाट ओळखता यावी म्हणून कडेला खाचा आहेत, लोक रात्रीच्या गारव्यात राबतात आणि दिवसा झोपतात. त्यानं आधी गाव बांधलं. पिढ्यान्‌पिढ्या राहून स्वतःच्याच गावात कोण ठेचकाळतं हो?

कोकणकडा
म्हणजे लेखकानं आता अपंगत्वाचा दाखला जोडून लिहायचं का? अंधत्व इथे रूपक आहे. आणि वेल्सच्या खोऱ्यातले लोक बाहेरून आलेल्या डोळस नायकाचे डोळे काढायला निघतात, ते चालतं तुम्हाला?

सहा_ठिपके
नाही चालत. पण ते हट्टी आहेत, सत्ता गाजवतात, चुकतात. त्यांना मतं आहेत. तुमच्या लोकांना डॉक्टरची वाट बघण्यापलीकडे काही काम दिलंय का तुम्ही?

माजी_कॅशियर
गाव राहू द्या, नोटांचं बोला. माझ्या धाकट्या भावाची नजर तिशीत गेली. जुनी शंभराची १५७ मिलिमीटर, पाचशेची १६७, बोटाला फरक लागायचा. आता शंभर १४२, दोनशे १४६, पाचशे १५०, आणि रुंदी तिघींची ६६! त्याचं दुकान आहे; नोट हातात घेतो आणि गिऱ्हाईक सांगेल ते खरं मानतो. कुणाला लिहायचंच असेल तर हे लिहा.

घाटवाट
उगाच तक्रार. पाचशेवर पाच उठावाच्या रेघा आहेत, शंभरावर चार. शिवाय फोनच्या कॅमेऱ्यानं नोट ओळखून सांगणारं रिझर्व्ह बँकेचं 'मनी' ॲप २०२० पासून आहे.

माजी_कॅशियर
उठाव कोऱ्या नोटेवर! मासळी बाजारातून चार हात फिरलेली नोट घ्या, डोळे मिटा आणि मोजा रेघा. ॲपचं म्हणाल तर बसच्या दारात, मागे रांग असताना, एका हातात काठी धरून नोटेचा फोटो काढून दाखवा. मी आयुष्यभर नोटा मोजल्यात, मला नका शिकवू.

घाटवाट
बरं, मळक्या नोटेचं मान्य. पण मग सुट्यांऐवजी यूपीआय का नाही वापरत?

माजी_कॅशियर
कारण समोरचा रोख देतो! भाऊ दुकानदार आहे, वाचलंत का नीट?

सहा_ठिपके
कोकणकडा, बघा, आंधळ्यांच्या गावात नोटा कशा असतील? कोपरे कापलेल्या? की नाणीच, वजनावर चालणारी? खोटं नाणं कसं पकडतील? कथा इथे आहे.

उत्तररात्र
ताई, सगळ्यांच्या वतीनं बोलू नका. काचबिंदूनं माझे डोळे चाळिशीत गेले. अंधार म्हणजे काय ते मला ठाऊक आहे आणि मला तो दिसत नाही, राखाडी धुकं दिसतं, दुपारी जरा पांढुरकं. स्वप्नं अजून रंगीत पडतात. आणि मी नातवाचा चेहरा चाचपतो, रोज. त्याचे दात पडलेत ते मला बोटांनीच कळलं.

सहा_ठिपके
नातवाचा चाचपा की, काका. हा लेखक अनोळखी माणसांना एकमेकांचे गाल चाचपायला लावतोय, भांडण त्याचं आहे.

कोकणकडा
ठेचकाळणं काढतो. चेहरेही काढतो, घरातले सोडून. पण डॉक्टर राहणार. बाहेरच्याशिवाय कथा घडतच नाही.

सहा_ठिपके
ठेवा डॉक्टर. मात्र गावात एकही दिवा नाही, हे विसरू नका. पहिल्या रात्री त्याला हात धरून संडासापर्यंत नेणारं कुणीतरी लागेल. त्या माणसाला नाव द्या, आणि तो वाटेत काय बोलतो तेही लिहा.