बाईकच्या पेट्रोल टाकीचं झाकण दुपारी उघडत नाही, सकाळी उघडतं. सर्व्हिसवाले म्हणतात 'प्रॉब्लेम नाही'

सावली_स्वार

नमस्कार मंडळी. जरा लांबड लावतेय, पण सगळं एकदाच सांगितलं नाही तर तुम्हीही तेच प्रश्न विचाराल जे काउंटरवर तीन वेळा ऐकून आलेय.

गाडी 14 महिन्यांची, 9,400 किलोमीटर झालेत, वॉरंटीत आहे. इंजेक्शनवाली, टाकी 13 लिटरची. झाकण टाकीला सपाट बसणारं, बिजागरीचं, चावीने उघडणारं. गेला दीड महिना हे झाकण मनात येईल तेव्हा उघडतं. पंपावर मागे सात-आठ गाड्या, हॉर्न चाललेत, आणि मी टाकीवर ओणवी. चावी अर्धी फिरते आणि तिथेच अडते. जोर लावला तर कुलूप नाही, चावीचं पातं वळतं. मागून एकाने "ताई, उलटी फिरवून बघा" सुचवलं. उलटी ती फिरतच नाही, पण असो.

पहिल्यांदा सर्व्हिस सेंटरला संध्याकाळी गाडी सोडली, सकाळी त्यांनी बघितली. टिचकीसरशी उघडलं म्हणे. जॉब कार्डवर: "कॅप तपासली, ओके." दुसऱ्यांदा गेले तर चावीच्या भोकात तेलाचा फवारा मारून दिला. दोन दिवस बरं वाटलं, मग धूळ आणि तेल मिळून आत असा काळा चिखल झाला की चावी बाहेर काढली की बोटं काजळ लागल्यासारखी. तिसऱ्यांदा निकाल लागला: "चावी वाकलीय, झिजलीय. लॉकसेट बदलावा लागेल." म्हणजे इग्निशन, सीट आणि टाकी, तिन्ही कुलपं. आणि चावी "वापराने" वाकल्यामुळे वॉरंटीत नाही. अहो, झाकण उघडत नाही म्हणून ती वाकलीय!

अजून एक, संबंध नसेलही. लांबच्या रस्त्याला चाळीसेक मिनिटांनी गाडी गचके द्यायला लागते आणि बंद पडते. बाजूला उभी करून दहा मिनिटांनी परत सुरू. त्यावर त्यांनी प्लग बदलला. फरक शून्य.

लॉकसेटला हो म्हणू का?

पाना_नंबर_दहा

हो म्हणू नका, निदान आज तरी. आधी एवढं सांगा: झाकण अडतं तेव्हा गाडी उन्हात उभी असते का? आणि उघडताना आतून काही आवाज येतो? दीड महिन्यापूर्वी गाडीला नेमकं काय केलं होतं, तेही आठवून बघा.

भन्नाट_पोरगा

ताई एवढं काय त्यात. झाकणाच्या खालच्या रबराला बारीक भोक पाडा, हवा खेळती राहते. मी केलंय, दोन वर्षं झाली, काही नाही.

पाना_नंबर_दहा

भन्नाटराव, दोन वर्षं तुमची गाडी आडवी झाली नसेल म्हणून. झाकणातली झडप श्वासापुरती असते. गाडी कलंडली तर पेट्रोल बाहेर येऊ नये हीसुद्धा तिचीच जबाबदारी. खाली तापलेलं इंजिन आणि सायलेन्सर आहे. वर पाऊस टाकीत जाईल तो वेगळाच.

सावली_स्वार

दहा नंबर, तुम्ही विचारलंत आणि मी उठून जुनी बिलं काढली. दीड महिन्यापूर्वी दुसरी सर्व्हिसिंग झाली होती. एअर फिल्टर बदललाय. माझ्या गाडीत तो टाकीखाली आहे, म्हणजे टाकी काढली असणार. हे तिन्ही वेळा कोणी विचारलं नाही, आणि मलाही सुचलं नाही.

ऊन: हो, झाकण नेहमी ऑफिसच्या उघड्या पार्किंगमधून निघाल्यावरच अडतं. आवाज: लांबच्या रस्त्याला बंद पडली तेव्हा एकदा पेट्रोल आहे का बघायला झाकण उघडलं होतं. अगदी सहज उघडलं, आणि "फुस्स" झालं. मला वाटलं असंच असतं.

तेलकट_बाह्या

असं नसतं, ताई. बावीस वर्षं गॅरेजमध्ये काढली आहेत, तुमचे दोन्ही आजार एकाच नळीचे आहेत असं मी पैजेवर सांगतो.

टाकीला श्वास लागतो. पेट्रोल इंजिनात गेलं की तेवढीच हवा आत यावी लागते, आणि ऊन लागून वाफ झाली की ती बाहेर पडावी लागते. काही गाड्यांत हे झाकणातूनच होतं. आताच्या बऱ्याच गाड्यांत टाकीखालून एक नळी निघते आणि पेट्रोलची वाफ शोषून धरणाऱ्या कोळशाच्या डब्याला, म्हणजे कॅनिस्टरला, जाते. तिच्या शेजारी अजून एक नळी असते, झाकणाभोवतीच्या खोबणीतलं पावसाचं पाणी खाली सोडणारी. टाकी परत बसवताना घाई केली की यांतली एक, कधी दोन्ही, टाकी आणि फ्रेमच्या मध्ये चेपतात. बाहेरून काही दिसत नाही.

आता तुमचं कोडं. गाडी उन्हात, श्वास बंद, आत वाफ साठते. झाकणाखालचं भोक साधारण 4 सेंटीमीटरचं धरा. आतला दाब बाहेरच्यापेक्षा पाव बारच जास्त असला तरी झाकण तीन किलोच्या जोराने वर ढकललं जातं. झाकणाची जीभ काठाखाली घट्ट दाबली जाते, ती मागे सरकत नाही, तुम्ही चावी पिळता, चावी वाकते. रात्रभर थंड झाली की दाब उतरतो, सकाळी मेकॅनिक उघडतो आणि लिहितो "ओके". तो खोटं बोलत नव्हता. त्याने चुकीच्या वेळी बघितलं.

रस्त्यावर याच्या उलट. पेट्रोल संपत जातं, हवा आत येत नाही, टाकीत ओढ तयार होते, पंपाला पेट्रोल खेचता येत नाही. तुमचं "फुस्स" म्हणजे आत जाणारी हवा. ओढ असताना झाकण आपणहून खाली दाबलेलं असतं, म्हणून तेव्हा सहज उघडलं. टाकी पूर्ण भरून निघालात की हे लवकर होतं का? आत हवेला जागा कमी असते ना.

आणि तोवर पंपावर: तळवा झाकणावर ठेवून अंगाचा भार द्या, दाबून ठेवूनच चावी फिरवा. सुटेल. चेहरा टाकीपासून लांब ठेवा, वाफ जोरात बाहेर येते.

सावली_स्वार

फुल टाकीवर लवकर होतं, बरोबर! मला ते पेट्रोलच्या दर्जावर घालायचं होतं. आणि तळवा दाबून आत्ताच उघडून आले. उघडलं. मेलं दीड महिना मी चावी पिळतेय.

टाकी_फुल

एक विचारू का, तुम्ही काठोकाठ भरता का? पेट्रोल दर 10 अंशांना साधारण एक टक्का फुगतं. 13 लिटर भरलेली टाकी 20 अंशांनी तापली तर पाव लिटर जागा मागते. जागाच नसेल तर ते पेट्रोल श्वासाच्या नळीतून कॅनिस्टरमध्ये जातं आणि कोळसा भिजून जातो. मग नळी मोकळी करूनही भागत नाही. टाकीच्या तोंडातून आत उतरणाऱ्या नरसाळ्याच्या खालच्या कडेला पेट्रोल टेकलं की बस करा.

सावली_स्वार

भरते. म्हणजे भरत होते.

काउंटरपलीकडचा

मी सहा वर्षं सर्व्हिस ॲडव्हायझर होतो, आता नाही, त्यामुळे मोकळेपणाने लिहितो. तुमची तक्रार तुमच्या शब्दांत कार्डावर गेलेलीच नसणार. तुम्ही बोललात, त्याने लिहिलं "टाकी लॉक तपासणे", आणि मेकॅनिकच्या हातात फक्त तेवढंच गेलं. ऊन, दुपार, चाळीस मिनिटं, हे सगळं काउंटरवरच राहिलं. सही करण्याआधी कार्ड वाचा आणि त्याच्याकडून लिहून घ्या: "उन्हात उभी केल्यावर झाकण उघडत नाही, लांबच्या प्रवासात बंद पडते, झाकण उघडल्यावर हवा आत खेचल्याचा आवाज, टाकी काढून बसवल्यापासून."

गाडी सकाळी देऊ नका. दुपारी न्या, आधी दोन तास उन्हात ठेवून. आणि चावी त्याच्या हातात द्या. स्वतः उघडून दाखवू नका.

वॉरंटीवर वाद घालायला जाऊ नका, तिथे तुम्ही हराल. चावी, रबर, प्लग हे झिजणारे भाग म्हणून बाजूला काढतात. तुमचा मुद्दा वॉरंटीचा नाहीच. त्यांनी टाकी बसवताना नळी चेपली असेल तर ते त्यांचं अपुरं काम आहे, आणि त्याची तारीख त्यांच्याच बिलावर छापलेली आहे. ते बिल वर ठेवा.

सावली_स्वार

नऊ दिवसांनी येतेय, कारण मध्ये दोन दिवस ढगाळ होतं आणि मला माझं ऊन हवं होतं.

काल दुपारी अडीचला गेले. ॲडव्हायझर तोच. चावी त्याच्या हातात दिली. त्याने फिरवली, अडली. परत फिरवली, चावी बाहेर काढून उजेडात धरली, फुंकर मारली. "चावीच वाकलीय ना मॅडम." मी म्हटलं, हो, आता दुसऱ्या हाताने झाकण दाबा आणि फिरवा. दाबलं, फिरवलं, आणि त्याच्या तोंडावर असा वाफेचा भपकारा आला की तो दोन पावलं मागे गेला. (तोंड लांब ठेवा हे सांगायला हवं होतं. विसरले. खरंच विसरले.)

त्यानंतर पहिल्यांदाच फोरमन बाहेर आला. टाकीचा मागचा बोल्ट काढून टाकी वीतभर उचलली, टॉर्च मारला. काळी नळी, करंगळीपेक्षा बारीक, बोल्टच्या अलीकडे बुटाच्या नाडीसारखी सपाट झालेली. बोटांनी चोळली तरी गोल होईना. फोरमनने माझ्याकडे बघितलं नाही, ॲडव्हायझरकडे बघितलं. तुकडा बदलला, कॅनिस्टर काढून हुंगला, कोरडा होता. पाणी सोडणारी नळी शाबूत, पण तिच्या तोंडाशी मातीचा बोळा, तोही काढला. एकूण पस्तीस मिनिटं.

कार्डावर परत "सामान्य तपासणी" लिहायला घेतलं होतं. थांबवलं. आता त्यावर "व्हेंट नळी दबलेली आढळली, बदलली" असं आहे. त्या नळीचे पैसे लावले नाहीत. प्लगचे परत मिळाले नाहीत, त्यावर मी फार ताणलं नाही, प्लग नवा तर आहेच.

आज दीड तास सलग चालवली. कुठे थांबली नाही.

पाना_नंबर_दहा

वा! आणि ती वाकलेली चावी?

सावली_स्वार

कपाटात. इग्निशनला दुसरी मूळ चावी वापरतेय. तेलकट दादांनी खासगी निरोपात सुचवलं की टाकीच्या कुलपाला मूळ चावीतली इलेक्ट्रॉनिक चिप लागत नाही, साधी नक्कल चालते, तशी एक करून घेतली. कुलपातला काळा चिखल क्लीनरने धुऊन काढला आणि तेलाऐवजी ग्राफाइटची भुकटी फुंकली. फिरते छान. हात मात्र आपोआप झाकण दाबायला जातो अजून.