शब्दचर्चा : नावात आतडं, बशीत तांदूळ

कौलूनकर
आई महिनाभरासाठी नाशिकहून हाँगकाँगला आली आहे. परवा तिला शाम शुई पोमधल्या एका टपरीवजा दुकानात नेलं. आत मोजकी स्टुलं, बाकी गिऱ्हाईक उभ्यानेच खातं. तांदळाच्या पिठाच्या वाफवलेल्या पांढऱ्याशुभ्र गुंडाळ्या. बाई कात्रीने कचाकच तुकडे करते, त्यावर सोया सॉस, तपकिरी गोड सॉस आणि तिळाचं दाट वाटण ओतते, भाजलेले तीळ भुरभुरवते आणि दोन बांबूच्या काड्या टोचून बशी पुढे सरकवते.

आईने पहिला तुकडा तोंडाजवळ नेला आणि विचारलं, "म्हणतात काय रे याला?" मी अतिशहाणा. म्हटलं, "चेउंग फन. चेउंग म्हणजे आतडं, फन म्हणजे पीठ." तुकडा परत बशीत! पुढची दहा मिनिटं मी शपथेवर सांगत होतो की यात तांदूळ, पाणी आणि थोडा स्टार्च आहे, बस. तिने काही तोंड उघडलं नाही.

तर मंडळी, घास घशाखाली उतरेल असं मराठी नाव सुचवा.

खमंग फोडणी
सुरळीची वडी. विषय संपला.

दंत्य च
इतक्यात नाही संपत. सुरळीच्या वडीत बेसन आणि ताक. शिवाय तिलाच गुजरातीत खांडवी म्हणतात आणि आपल्याकडे खांडवी म्हटलं की तांदळाच्या कण्यांची गोड वडी. एक घोळ आधीच आहे, त्यात तिसरा पाहुणा नको.

आणि कौलूनकर, आईंना मासवडी खाऊ घालताना कधी शपथ घ्यावी लागली का? जुन्नर-नारायणगावकडच्या त्या मासवडीत मासा कुठे असतो? बेसनाचं आवरण, आत तीळ-खोबऱ्याचं सारण, आकार तेवढा माशाचा. तिथेही तेच. लांब, पांढरं, गुळगुळीत दिसतं म्हणून आतडं. तुम्ही खाल्लीत त्या बिनसारणाच्या गुंडाळीला तर पूर्ण नावाने 'डुकराच्या आतड्याचं पीठ' म्हणतात, आणि तिच्यात डुक्कर नाही. उलट 'छा सिउ छ्योंग' या नावाचा शब्दशः अर्थ नुसता 'काट्यावर भाजलेलं आतडं', डुकराचा उल्लेखही नाही, आणि आत डुकराचं भाजलेलं मांस! नावावर विसंबून शाकाहार पाळणाऱ्याने सांभाळावं.

कौलूनकर
हे आधी सांगितलं असतंत तर परवाचा दिवस वाचला असता. पण तुम्ही 'छ्योंग' का लिहिलंत? नेटवर सगळीकडे चेउंग दिसतं.

दंत्य च
रोमन लिपीतून उचललं की असं होतं. कँटनीजमध्ये, म्हणजे हाँगकाँगच्या बोलीत, अल्पप्राण-महाप्राण हा भेद आपल्याइतकाच पक्का आहे. आतडं या शब्दातला पहिला वर्ण महाप्राण, म्हणजे छ. तोच अल्पप्राण केलात तर शब्द होतो 'च्योंग', आणि त्याचा अर्थ सॉस. सूरही वेगळा असतो (तिथे सूर बदलला की शब्द बदलतो), पण सुरांचा आपल्याला पत्ता नसल्याने निदान प्राण तरी सांभाळावा. हा च आपल्या चमच्यातला, चिंचेतला नव्हे. मधल्या स्वराला मात्र मराठीत अक्षर नाही. ओठ 'ओ'साठी गोल करायचे आणि म्हणायचं 'ए'. 'छ्योंग' ही तडजोड आहे.

फनचंही तसंच. 'फन' ऱ्हस्व म्हणजे पीठ किंवा तांदळाच्या शेवया, 'फान' दीर्घ म्हणजे शिजवलेला भात. आपल्या लिपीत हे आपोआप वेगळं पडतं.

खमंग फोडणी
म्हणजे मी तिथे जाऊन चेउंग मागितलं तर नुसता सॉस मिळेल? :)

दंत्य च
दुकानदार शहाणे असतात, गुंडाळीच मिळेल. पण 'चाय' मागितलीत तर चहा मिळणार नाही, एवढं नक्की. चहाला ते 'छा' म्हणतात. 'चाय' हा मुळात बौद्ध उपास-शाकाहाराचा शब्द, पण हॉटेलात तो घसरत घसरत 'काही न घातलेलं' इथवर आला आहे. 'चाय छ्योंग' म्हणजे बिनसारणाची गुंडाळी. 'चाय फे' म्हणजे दूध-साखर न घातलेली कॉफी, आपल्या कोऱ्या चहातला 'कोरा'. त्यामुळे 'चाय' ऐकून सोवळं समजू नका. वर फासलेलं तेल काही ठिकाणी चरबीचं असतं, ते वेगळं विचारावं.

मला त्यांच्या हॉटेलातलं सगळ्यात आवडतं क्रियापद म्हणजे 'चौ'. मूळ अर्थ जाणे, निघणे. पातीचा कांदा नको असेल तर 'चौ छेंग', म्हणजे हिरवं जाऊ दे. बर्फ नको तर 'चौ पिंग'. आपल्या 'कांदा मारके'च्या नेमकं उलट.

सासवडची सून
तुम्ही सगळे आकारावर अडलात. कृती बघा ना. चीनमधल्या गूआंगचौच्या दुकानांत स्टीलचे पातळ कप्पे असतात, कपाटाच्या ड्रॉवरसारखे. त्यात पिठाचा पातळ थर ओतायचा, कप्पा वाफेत सरकवायचा, मिनिट-दोन मिनिटांत बाहेर ओढून पातीने खरवडत गुंडाळायचं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तोंडातून निघालं, अगं बाई, ही तर सालपापडी!

उन्हाळ्यात तांदूळ तीन दिवस भिजवून, वाटून, जिरं-खसखस घालून ताटल्यांवर पसरायचो. वाफ आली की टाचणीने कड सोडवायची आणि अख्खी पापडी सोलून काढायची. निम्म्या तर वाळवणापर्यंत पोचायच्याच नाहीत, पोरं ओल्याच तेल लावून खायची. बोटं भाजायची, तरी. (साल की साळ, यावर वेगळा धागा काढा. आमच्याकडे दोन्ही म्हणतात आणि भांडतात.)

कोकणात हीच फेणी, पण ते नाव सुचवत नाही. गोव्याचे लोक बाटली घेऊन येतील.

कौलूनकर
सासवडच्या सूनबाई, 'ओली सालपापडी, गुंडाळलेली' असं सांगून आईला काल परत नेलं. तिने एक अक्षर न बोलता दोन बशा संपवल्या, वर म्हणाली, "जिरं हवं होतं." मग तिने आपणहून शेजारच्या गुंडाळीकडे बोट दाखवलं. पांढऱ्यात हिरवे-गुलाबी ठिपके, दिसायला देखणी.

"ही घे की, आणि या वेळी नाव नको सांगूस."

सांगावंच लागलं. त्यात सुके सोडे होते.