केळशीला नारळाच्या वाडीत दहा माणसांचा टेंट बसेल का? चार माडांच्या मधली जागा आहे

डोंबिवलीची_ताई
नमस्कार मंडळी, पौष पौर्णिमेला जोडून सुट्टी आलीय म्हणून आम्ही दोन कुटुंबं, चार मोठे आणि चार पोरं, केळशीला तीन रात्री टेंट टाकून राहणार आहोत. टेंट नवीन घेतलाय, दहा माणसांचा, तळ 14 बाय 10 फूट, पुढे 5 फुटांची कनात निघते आणि दोऱ्या चारही बाजूंनी चार-चार फूट ताणाव्या लागतात, म्हणजे सगळं धरून 22 बाय 23 होतंय. वाडीवाले काका फोनवर म्हणाले चार माडांच्या मधे जागा आहे, माड पंचवीस फुटांवर आहेत, खुशाल या. पण माडांना बुंध्याभोवती पाण्याची आळी आहेत, बाजूने पाण्याचा पाट जातो, आणि आमचं सामान म्हणजे दोन कूलबॉक्स, शेगडी, सिलिंडर, घडीचं टेबल, खुर्च्या, सहा बॅगा. नवरा म्हणतो नाहीच बसलं तर पुळणीवर, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूत टाकू. मला रात्रीची भीती वाटते. कुणी असा मोठा टेंट वाडीत लावलाय का, नीट सांगा प्लीज.

आगरातला_गुहागर
ताई बसेल, पण चौकटीच्या बरोबर मधोमध लावा, इंचभर इकडेतिकडे नको. 25 च्या चौकोनात 14 बाय 10 मधे ठेवला तर टेंटचा प्रत्येक कोपरा माडापासून नऊएक फूट लांब राहतो, आळं पाचेक फुटांचं असलं तरी त्याला धक्का लागत नाही. कनात पुढे ताणलीत तर टेंट अडीच फूट मागे सरकवा, तरी सात फूट सुटतात. आणि कोपऱ्याच्या दोऱ्यांना खुंट्या ठोकूच नका, चार माड आयते उभे आहेत, दोरी वाढवून सरळ बुंध्याला बांधा, खाली जुनं गोणपाट गुंडाळा म्हणजे बुंधा कापत नाही. खिळा मात्र कुणी मारायचा नाही, पोरांनी सुद्धा नाही. माडाला जखम झाली की वासावर सोंड्या भुंगा येतो, आत अंडी घालतो आणि कळेपर्यंत झाड गेलेलं असतं. आमचे दोन माड असेच गेले, वीस वर्षांचे होते.

दुसरं म्हणजे काकांना आजच सांगा की त्या चार माडांचे तयार नारळ आणि वाळक्या झावळ्या तुम्ही यायच्या आधी उतरवून घ्या. नारळ बुंध्याजवळ पडतो पण झावळी लांब असते, ती कुठेही येते.

पाटाबद्दल विचारलंत ते बरं केलंत. आमच्याकडे मागे एक मंडळी आली, पाट कोरडा दिसला म्हणून टेंटचं एक टोक त्यावर घेतलं. पहाटे शिपण्याचा पंप लागला आणि अंथरुणं सगळी ओली, लहान बाळ होतं त्यांच्याबरोबर. शिपणं किती वाजता असतं ते आधी विचारून ठेवा.

सुरूबन
पुळणीचा विचार सोडा वहिनी, भाऊंना माझं नाव सांगा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, पौर्णिमेला पंधरा म्हणजे सव्वाअकराच्या सुमारास, दिवसाही आणि रात्रीही. आणि ती उधाणाची भरती असते, रोजच्या खुणेच्या बरीच वर येते. ऐन झोपेत पाणी दाराशी. शिवाय पुळणीत खुंटी धरत नाही, पिशवीत वाळू भरून ती हातभर खोल पुरून तिला दोरी बांधावी लागते, एवढ्या मोठ्या टेंटला अशा दहा-बारा पिशव्या, कोण पुरणार. कासवांचा हंगाम पण असतो, आंजर्ले-वेळासच्या बाजूला माद्या रात्री अंडी घालायला वर येतात, उजेड दिसला की परत फिरतात. तेवढ्यासाठी तरी नको.

वाडीत टेंटची पाठ समुद्राकडे करा. दुपारनंतर वारा समुद्राकडून येतो, रात्री उलटा, जमिनीकडून. दार पूर्वेला असलं की रात्रीची हवा आत खेळते, नाहीतर आठ माणसांच्या श्वासाने कापड आतून निथळतं, बाहेरून दव असतंच.

सायकलवाला_महाड
माझं मत थोडं वेगळं आहे. दहा माणसांचा म्हणजे कंपनी माणशी 2 बाय 7 फूट धरते, 14 बाय 10 मधे बरोबर दहा चटया, बॅगेला टीचभर जागा नाही. तुम्ही आठ जण झोपाल पण सामान आत आणाल तर रात्री उठायची सोय राहणार नाही. सामान गाडीत ठेवा, शेगडी-सिलिंडर काकांच्या पडवीत, वाडीत वाळका पाचोळा असतो तिथे जाळ नकोच. आणि गाडी वाडीत आत नेऊ नका, पाट आणि पाइप फुटतात.

फोटो मागवून घ्या हेही सांगतो. दिवेआगरला आम्हाला "वाडीत जागा आहे" म्हणाले आणि गेल्यावर पोफळी, म्हणजे सुपारीची झाडं निघाली, नऊ-नऊ फुटांवर, आमचा चार जणांचा पण बसला नाही. शेवटी 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात झाडं पडून जे मोकळं झालं होतं तिथे लावला, तेही नवीन रोपं चुकवत चुकवत.

डोंबिवलीची_ताई
सगळ्यांचे मनापासून आभार. काल सोसायटीच्या गच्चीवर खडूने 25 बाय 25 आखलं, चार कोपऱ्यांत पाण्याचे पिंप ठेवले माड म्हणून, आणि टेंट उभा केला. बसला. पण कनात ताणल्यावर पुढच्या दोन दोऱ्या पोरांच्या बरोबर गळ्याच्या उंचीला येत होत्या, म्हणून त्यांना माझ्या जुन्या लाल ओढणीच्या चिंध्या बांधल्यात. नवऱ्याने पुळणीचं नाव काढलेलं नाही परत. काकांना फोन केला, म्हणाले शिपणं सकाळी सहाला असतं, तेवढे तीन दिवस त्या ओळीचं पाणी दुपारी सोडतो, आणि नारळ गुरुवारी उतरवतोय, त्यातली शहाळी तुमच्यासाठी ठेवतो.