मदत हवी आहे : गल्लीतल्या छोट्या रेस्टॉरंटची वाईन यादी कशी पारखायची?

नमस्कार मंडळी,

नाशिकला गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीत माझ्या मामेभावाचं तीस-पस्तीस माणसांचं रेस्टॉरंट आहे. येणारी बहुतेक मंडळी आजूबाजूच्या सोसायट्यांतली. काळ्या मसाल्याचं मटण, सुरमई फ्राय आणि तंदुरी चिकन यांना जास्त मागणी. वाईनचा परवाना मिळाल्यावर त्याने यादी छापून घेतली आणि मला पाठवली, "ताई, तू बघून सांग, बरी आहे का?" मला वाईन आवडते, पण यादी बरी की वाईट हे कशावरून ठरवायचं ते नीट ठाऊक नाही. त्याचे पैसे अडकणार आहेत, म्हणून उगाच छान छान म्हणायचं नाहीये.

यादीत एकूण बारा वाईन. नऊ रेड, त्यातल्या चार कॅबरने सोव्हिन्यों या एकाच द्राक्षाच्या. व्हाईट दोनच आणि एक रोझे, म्हणजे गुलाबी. स्पार्कलिंग, म्हणजे बुडबुड्यांची, नाही. दोन रेड परदेशी, बाकी नाशिकच्या आणि अकलूजकडच्या. एकीसमोरही द्राक्षं काढल्याचं साल लिहिलेलं नाही. दुकानात नऊशेला मिळणारी शिराझ ही रेड इथे बाटली एकोणीसशे, ग्लास साडेपाचशे. ग्लास किती मिलीचा, ते लिहिलेलं नाही. बाटल्या काउंटरमागच्या उघड्या फळीवर उभ्या असतात आणि फळीला लागूनच स्वयंपाकघराची खिडकी आहे.

भाव जास्त वाटतात का? बारा वाईन पुरेशा आहेत का? आणि मुख्य म्हणजे यादीत आधी काय बघायचं? तुम्ही जेवायला जाता तेव्हा कशावरून ठरवता, तेही सांगा.

प्रतिसाद १

ताई, आधी मेन्यू आणि यादी शेजारी ठेवून वाचा. काळ्या मसाल्याच्या मटणाबरोबर तुरट, जड कॅबरने घेतली की तिखट आणखी झोंबतं, कारण अल्कोहोल आणि तुरटपणा दोन्ही मिरचीची आग वाढवतात. तिथे शेनिन ब्लाँ ही किंचित गोडसर व्हाईट किंवा थंडगार रोझे जास्त जमते. सुरमई फ्रायवर लिंबू पिळतो ना, तिच्याबरोबर सोव्हिन्यों ब्लाँ ही आंबटसर व्हाईट हवीच. तळलेल्या पदार्थांबरोबर ब्रूट, म्हणजे गोड नसलेल्या, स्पार्कलिंगसारखं दुसरं काही नाही, आणि नाशिक-दिंडोरीत ती उत्तम बनते. नाशिकच्या हॉटेलात स्पार्कलिंग नसावी याचं मला खरंच वाईट वाटलं. चार कॅबरने मात्र कशाला? एक ठेवा.

बारा वाईन मला जास्त वाटतात. एवढ्या जागेत सहा पुरेत, पण सहाही खपल्या पाहिजेत. ज्या यादीतली बाटली महिनोन्‌महिने हलत नाही, ती कितीही लांब असली तरी मी वाईटच म्हणेन.

प्रतिसाद २

मी एका हॉटेलात बार सांभाळतो, म्हणून भावाबद्दल लिहितो. दुकानाच्या दुप्पट-अडीचपट हा रेस्टॉरंटचा नेहमीचा हिशेब, त्यामुळे एकोणीसशे ठीक आहे. ग्लासचं गणित मात्र बघा. ७५० मिलीच्या बाटलीत १५० मिलीचे पाच ग्लास निघतात. साडेपाचशेने पाच म्हणजे पावणेतीन हजार. उघडलेली बाटली वाया जाण्याची जोखीम असते, म्हणून चार ग्लासांत बाटलीचा भाव निघेल असा दर धरतात. त्या हिशेबाने पावणेपाचशे बसतात. ग्लासचा भाव कमी केला तर ग्लास जास्त जातील आणि बाटली लवकर संपेल. ग्लासपुढे १५० मिली असं लिहाच, गिऱ्हाइकाचा विश्वास बसतो.

स्वतः कुठे गेलो की मी वेटरला एवढंच विचारतो, "ग्लासची बाटली कधी उघडली?" आज किंवा काल म्हणाला तर घेतो. झाकण लावून फ्रीजमध्ये ठेवलेली वाईन दोन-तीन दिवस चालते, त्यापुढे नको. वेटरला सांगता आलं नाही तर मी सरळ बीअर मागवतो.

आता सालाचं. आपल्याकडे वाईनच्या द्राक्षांची काढणी साधारण जानेवारी ते मार्चमध्ये होते, म्हणून त्याच वर्षाची व्हाईट वर्ष संपायच्या आत बाजारात येऊ शकते. साध्या व्हाईट आणि रोझे वर्ष-दोन वर्षांत प्याव्यात. भावाला लेबलं बघायला सांगा. तीन-चार वर्षांपूर्वीची सोव्हिन्यों ब्लाँ निघाली तर ती यादीतून काढा.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. फोन करून लेबलं वाचायला लावली. एक व्हाईट चार वर्षांपूर्वीची निघाली! उघडून बघितली तर रंग गडद पिवळा आणि वास जास्त पिकलेल्या सफरचंदाचा. ती यादीतून गेली.

अजून दोन शंका. रेड बाहेर ठेवली तर चालते, असं तो म्हणतो. खरं का? आणि काही नेहमीची मंडळी पोर्ट, म्हणजे गोड लाल वाईन, मागतात. ती ठेवली तर यादी हलकी दिसेल अशी त्याला भीती आहे.

प्रतिसाद २

बाहेर म्हणजे कुठल्या हवेत, तो प्रश्न आहे. रेड सोळा-अठरा अंशांना चांगली लागते आणि नाशिकचा एप्रिल चाळिशीला टेकतो. त्यात ती स्वयंपाकघराची खिडकी. उकडलेल्या रेडमध्ये नुसता अल्कोहोलचा भपका येतो. सगळ्या बाटल्या फळीवरून आजच उतरवा. एक छोटा वाईन फ्रीज घ्या. नाहीतर साध्या फ्रीजमध्ये ठेवा आणि रेड द्यायच्या आधी अर्धा-पाऊण तास बाहेर काढा. यादीवर खर्च करण्याआधी हा खर्च करा.

प्रतिसाद १

पोर्ट ठेवा. मागणारी माणसं त्याची रोजची गिऱ्हाइकं आहेत, त्यांना अवघडल्यासारखं का व्हावं? फक्त 'गोड' असा वेगळा मथळा देऊन शेवटी लिहा, म्हणजे रेड समजून कुणी मागवणार नाही. नवी यादी झाली की इथे टाका, छापायच्या आधी बघू.