स्कॉच एग तळताना आवरण का फाटते?

प्रश्न:
नमस्कार. आम्ही गेली चार वर्षे इंग्लंडमध्ये लीड्स येथे राहतो. उकडलेल्या अंड्याभोवती सॉसेजचे मांस लपेटून, ब्रेडच्या चुऱ्यात घोळवून तळलेले स्कॉच एग येथे सहलीच्या डब्यापासून पबपर्यंत सर्वत्र दिसते. मुलांना ते फार आवडते, म्हणून मी दोनदा घरी करून पाहिले. दोन्ही वेळा कढईत सोडल्यावर थोड्याच वेळात आवरण एका बाजूने फाटले आणि कापल्यावर बलक घट्ट, पण अंड्यालगतचे मांस मात्र गुलाबीच राहिलेले आढळले. अंडी दहा मिनिटे उकडली होती आणि तेल कडकडीत तापवले होते. माझे कोठे चुकते आहे?

पहिले उत्तर:
बलक मऊ हवा असेल तर दहा मिनिटे फार होतात. अंडी उकळत्या पाण्यात सहा मिनिटे ठेवून लगेच बर्फाच्या पाण्यात घालावीत, कारण तळताना ती पुन्हा थोडी शिजतात. मुलांसाठी करत आहात, म्हणून सिंहाचा शिक्का (ब्रिटिश लायन हे तेथील अंड्यांवरचे सुरक्षिततेचे चिन्ह) असलेली अंडीच घ्यावीत. तेथील अन्नसुरक्षा विभागाने 2017 पासून ती मऊ बलकासह लहान मुलांनाही चालतील असे सांगितले आहे.

फाटण्याचे मुख्य कारण बहुधा ओलावा आहे. सोललेले अंडे ओले राहिले तर मांस त्याला धरत नाही, आणि मधल्या पोकळीत कोंडलेली वाफ जेथे आवरण पातळ असेल तेथून बाहेर पडते. म्हणून अंडे कोरडे पुसून मैद्यात घोळवावे. एका अंड्याला साधारण 70 ग्रॅम मांस घेऊन ते प्लास्टिकच्या कागदावर सारखे थापावे आणि उकडीच्या मोदकाची पारी मिटतो तितक्याच काळजीने जोड मिटवावा, हवा आत राहू देऊ नये. मैदा, फेटलेले अंडे आणि चुरा असे क्रमाने लावून अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवावे. कडकडीत तेलात चुरा लगेच लाल होतो आणि आपल्याला वाटते की झाले, पण आतले मांस कच्चेच असते. तेल 160 ते 170 अंश सेल्सिअसवर ठेवून सात-आठ मिनिटे फिरवत तळावे. डुकराचे मांस आतपर्यंत 70 अंशांवर दोन मिनिटे राहायला हवे, तेव्हा थर्मामीटर असेल तर अवश्य वापरावा.

दुसरे उत्तर:
वरील उत्तराशी मी सहमत आहे, पण मांसाकडेही लक्ष द्यावे. तयार सॉसेजची साल काढून आतले सारण वापरले तरी चालते. मला स्वतःला खांद्याचा, थोडी चरबी असलेला खिमा अधिक आवडतो. मीठ घालून तो चिकट होईपर्यंत मळला की आवरण घट्ट बसते. त्यात सेज या सुगंधी वनस्पतीची पाने, पांढरी मिरी आणि किंचित जायफळ पुरे. पहिल्या वेळी तरी गरम मसाला घालू नये, कारण सेजचा मंद सुगंध त्याखाली पूर्ण दबतो.

तिसरे उत्तर:
आपल्याकडचा नर्गिसी कोफ्ता आठवला. त्यातही उकडलेल्या अंड्याभोवती खिमा लपेटतात, आणि स्कॉच एगची कल्पना तेथूनच गेली असे काही जण मानतात. दुसरीकडे, लंडनच्या फोर्टनम अँड मेसन या दुकानाचा दावा आहे की 1738 मध्ये त्यांनीच प्रवाशांसाठी हा पदार्थ तयार केला. मला कोफ्त्याचे म्हणणे अधिक पटते, कारण 1809 मधील छापील इंग्रजी कृतीत हा पदार्थ गरम, ग्रेव्हीबरोबर वाढण्यास सांगितले आहे. आपणही एकदा तसा वाढून पाहावा.

प्रश्नकर्तीचे उत्तर:
सर्वांचे मनापासून आभार. काल चार केली. तीन अखंड राहिली आणि बलक मधासारखा ओघळत होता. चौथ्याचा जोड मी घाईने मिटवला होता, ते नेमके तेथेच उघडले.